पेटीतला ठोकळा आणि सूर्य

अण्णा, तुमच्या पेटीतला पोलादी ठोकळा आज परत ठेवताना आईनं मला पकडलं. "उघड्या हातानं? आज ते असते तर..." म्हणाली. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी या घरात तुमचा धाक आहे.

चिकलठाण्याच्या कारखान्यात तुम्ही मोजायची साधनं तपासायचात. मी आठवीत होते, सुट्टीत मला सोबत नेलंत आणि हातात मायक्रोमीटर दिलात. लेथवरच्या काकांनी केलेली पिन मी मोजली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलीय." काकांचा चेहरा उतरला. तुम्ही हातमोजे घातलेत, पेटी उघडलीत, त्याच मायक्रोमीटरनं नेमकं माप कोरलेला हा ठोकळा मोजलात; आकडा जुळला नाही. खोट मायक्रोमीटरमध्ये होती. "लई शहाणी! समद्यांना माप लावतीस, तुझ्या मापाला माप कोण लावायचं? माग काकांची माफी." मागितली. स्कूटरवर तुमच्या पाठीशी तोंड लपवून घरापर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी विचारलं, हा ठोकळा रोज का नाही वापरत? म्हणालात, "रोज वापरला तर ह्यो बी झिजंल. मग खरं कोण सांगंल?"

आता मी सूर्य मोजते, अण्णा. उपग्रहावरचं यंत्र त्याचे अतिनील किरण रोज मोजतं, आकडे माझ्याकडे येतात. काही महिने ते सारखे उतरत होते. मी हुरळले, सूर्य मंदावतोय असं अहवालात लिहून पाठवूनही दिलं. त्या यंत्राला दुसरा डोळा आहे, एरवी झाकलेला, क्वचितच उघडायचा, कारण हे किरण त्यांच्याकडे बघणाऱ्या काचेलाच मंद करतात. तो उघडेपर्यंत मला धीर धरवला नाही. परवा उघडला. सूर्य ठीक होता. आमची रोजची काच मंदावली होती.

काल बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून चूक माझी म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांची पत जाणार, अशी भीती होती. एकजण म्हणाला, "सूर्याची पण माफी मागा, मॅडम." सगळे हसले, मीही हसले. तुम्ही तर सगळ्यात मोठ्यानं हसला असता.

निवृत्तीच्या दिवशी पेटी देताना बजावलं होतंत, उघड्या हातानं शिवू नको, घामानं गंज धरतो. मी ऐकलं नाही. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा तांबूस डाग पडलाय. काल बोलायला उभी राहिले, तेव्हाही हा ठोकळा माझ्या मुठीत होता.