सत्तर टक्के ओलावा

४ जानेवारी

पुन्हा तेच! ऑफिसला निघता निघता ह्यांची सूचना — "कॅलेथियाच्या झाडाजवळचा ओलावा सत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. हीटरने खोली कोरडी पडते." माझे ओठ फुटून रक्त येतंय, ते नाही दिसत! झाड ह्यांच्या पहिल्या बायकोचं ना. तिला जाऊन तीन वर्षं झाली, मला येऊन सात महिने, पण खिडकीजवळची चांगली जागा अजून तिचीच.

हवेत वाफारा सोडणाऱ्या त्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरायचं काम ह्यांच्या लेकीचं. नऊ वर्षांची पोर, रोज सकाळी गाळलेलं पाणी थेंबही न सांडता ओतते. मला मावशी म्हणते. आई नाही — मावशी.

७ जानेवारी

दोघं बाहेर पडली आणि मी ह्युमिडिफायर बंद केला. दुपारपर्यंत झाडाशेजारच्या ओलावा-मापकावर बत्तीस टक्के! पोरगी शाळेतून यायच्या तासभर आधी पुन्हा चालू. रोजच्याइतकं पाणी संपलेलं दिसावं म्हणून जास्तीचं सिंकमध्ये. संध्याकाळी ह्यांनी मापकावर सत्तर पाहिले आणि स्वारी खूश. मला हसू आवरेना.

१३ जानेवारी

रोज हाच खेळ. पानांच्या कडा करपल्या. छान.

१९ जानेवारी

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. "आकडा तर बरोबर आहे, मग बिनसलं कुठे?" मी म्हटलं, "वय झालं असेल झाडाचं." पोरगी दिवसातून चारदा पानांवर पाणी फवारते. फवार बाई, फवार!

२४ जानेवारी

त्या मेल्या मापकाला मागे एक बटण आहे. दाबलं की दिवसभरातला सगळ्यात कमी आकडा दिसतो. मला काय ठाऊक! ह्यांनी दाबलं — एकतीस. मी पटकन भाजी चिरायला घेतली.

पण हे वळले लेकीकडे. "पाणी भरत नव्हतीस ना? खोटारडी कुठली! आईची एवढी एकच आठवण होती, तीही मारलीस!"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "विसरले, बाबा."

मी भाजी चिरत राहिले.

२५ जानेवारी

शेवटचं पानही गळलं. हे लेकीशी एक शब्द बोलत नाहीत. ती जेवली नाही, मीही आग्रह केला नाही. सुटले एकदाची!

२६ जानेवारी

सकाळी वेणी घालून देताना पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी वही विसरले म्हणून मी परत आले होते. तू ह्युमिडिफायर बंद करताना पाहिलं मी. बाबांना नाही सांगणार. त्यांनी तुला घालवून दिलं असतं."