मधेच येऊन गेला तर

२ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालायला हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच करते. मी मजेत आहे. खाते, झोपते, अधूनमधून अभ्यासही करते. तू कसा आहेस हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि बघ, चार ओळीही निघाल्या नाहीत.

तुझा नंबर लागत नाही, म्हणून पत्र. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातून बोटीवर पत्रं पाठवतात म्हणे. कधी पोचेल, असं फोनवरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पोचतं, पण घाई करू नका. मला घाई नाही. एवढीशी बातमी आहे.

आपली खिडकी आता आपली राहिलेली नाही.

तू पहिल्यांदा बोटीवर निघालास तेव्हा मी नुकतीच कोड लिहायला शिकत होते. मेसेज करायला घेतलं की आपण भांडायचो, फोन केला की बाबांचा विषय निघायचा. तूच म्हणालास, "शब्द नकोतच. तू आहेस एवढं कळलं तरी पुरे." म्हणून मी ते पान बनवलं. एक घर, दोन खिडक्या. तू पान उघडलंस की तुझी खिडकी पिवळी, मी उघडलं की माझी. मिटलं की अंधार. लिहायला जागाच ठेवली नाही. माझं चित्र बघून तू विचारलंस, हे घर आहे की खोकं?

ते खोकं मी रूममेटला दिलं. तिची आई नर्स आहे, ड्यूटीवर फोन उचलत नाही. तिच्या आईने ते वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसना दिलं, त्यांनी आपापल्या मुलांना आणि नवऱ्यांना. मग ट्रकवाल्यांना कळलं, मग पहारेकऱ्यांना, मग कोणाकोणाला ते मला माहीत नाही. आता ओळख ना पाळख अशी माणसं त्यात घरं बांधून राहिलीत. एकाने कुत्र्यासाठी वेगळी खिडकी मागितली. कुत्रा फोन कसा उघडणार, असं विचारलं, तर त्याला राग आला.

आणि हे सगळं चालतं लॅबच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर. सरांनी प्रोजेक्टसाठी दिलं होतं, बाकीच्या मुलांची कामंही त्यावरच आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण माझे पाय लोकांनी ओढून पसरलेत. मशीन मधूनच अडकतं. मी एक दुरुस्त करते, दुसरं बिघडतं. मधल्या सुट्टीत डबा खायचा की लोकांच्या तक्रारी वाचायच्या, यात डबा हरतो.

परवा सरांनी माझा कोड वाचला. मग म्हणाले, यातलं प्रत्येक उघडं पान दर तीन सेकंदांनी मशीनला विचारतंय, कोणी आलं का? म्हटलं, हो सर. ते म्हणाले, मिनिटाने विचारलं तर काय बिघडेल? मी काहीतरी अवघड कारण सांगितलं. ते मलाही नीट कळलं नाही, त्यामुळे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

खरं कारण तुला माहीत आहे. तुला डेकवर रेंज यायची ती चार-सहा सेकंदांची. शिंक येऊन जावी तशी, असं तूच म्हणायचास. मिनिटाने विचारलं असतं तर तू येऊन गेलेला मला कधी दिसलाच नसतास. म्हणून तीन.

तू म्हणशील, मी तर हल्ली येतच नाही. ते मी म्हटलेलं नाही. तूच म्हणतोयस.

बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे.

तुझी,
खार


१७ मार्च

प्रिय दादा,

पहिलं पत्र पोचलं असेल किंवा नसेल. पोचलं नसेल तर हे वाचून तुला काही कळणार नाही, आणि त्यात नवल नाही, कारण मलाही हल्ली काही कळेनासं झालंय.

मशीन या आठवड्यात पुन्हा पुन्हा अडकलं. सर चांगले आहेत रे, पण बाकीची मुलं त्यांच्या दारात उभी असतात, आमचं काम होत नाही म्हणून. त्यांनी मला सांगितलंय, परीक्षेआधी हे आटोक्यात आण, नाहीतर मला तुझी खिडकी बंद करावी लागेल. बंद म्हणजे सगळ्यांचीच. रूममेटच्या आईची, ट्रकवाल्यांची, त्या कुत्र्याचीसुद्धा.

म्हणून मशीनवर सगळ्यात जास्त भार कोण टाकतंय ते शोधायला बसले. म्हटलं, असेल कोणी रिकामटेकडा, दिवसभर पान उघडं ठेवून बसलेला. तर पहिला नंबर माझाच. सकाळी जी माझी खिडकी लागते ती संध्याकाळपर्यंत विझतच नाही. आता त्या सगळ्या वेळात मी वर्गात असते, फोन बॅगेत असतो. माझ्या नावाने दुसरंच कोणीतरी बसलंय हे उघड होतं. मी घाबरले. चोर पकडायचा म्हणून पत्ता काढला, आणि तो निघाला आपल्या दुकानातला.

गिऱ्हाइकांची मापं ठेवायला बाबांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता ना, त्यावर मी सुट्टीत एकदा माझ्या नावाने खिडकी उघडली होती. बंद करायची राहून गेली.

रविवारी घरी गेले. न सांगता. बाबा शिवायला बसले होते आणि समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, कागदावर माप लिहून आणलेलं. बाबांनी नेहमीसारखं त्याला परत पाठवलं. तुला माहीतच आहे त्यांचं, दुसऱ्याने घेतलेल्या मापावर ते कात्री चालवत नाहीत. ज्याचा सदरा तो समोर उभा राहिला पाहिजे. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

कॉम्प्युटरची जागा बदललीय. पूर्वी भिंतीकडे तोंड करून असायचा, आता शिलाई मशीनसमोर आहे. मान वर केली की दिसेल असा. आणि त्यावर आपलं खोकं, एक खिडकी पिवळी, एक काळी. मला पाहून त्यांनी घाईने मापांचं पान उघडलं. म्हणाले, ते तुझं चालूच राहतं, मला बंद करता येत नाही. मापांचं पान मात्र बरोबर उघडता आलं.

जेवताना सहज म्हटल्यासारखं सांगितलं, की मशीन झेपत नाहीये, आता खिडकी मिनिटाने एकदाच बघणार. बाबांचा घास हातातच राहिला.

"मिनिटाने? आणि मधेच येऊन गेला तर?"

कोण, असं मी विचारलं नाही. त्यांनी घास खाली ठेवला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "आला होता. कॉलर लावत होतो. मान वर केली तर पिवळी. चष्मा पुसून बघेपर्यंत गेली."

दादा, मला हे माहीत नव्हतं. मी वर्गात होते. तुझी रेंज गेली, की आपण दिसू म्हणून तू घाईने पान मिटलंस, हे मला कळायला मार्ग नाही, आणि मी विचारणारही नाही. पण तू माझी खिडकी पिवळी बघून गेला असशील, तर ऐक. ती मी नव्हते. तिथे बाबा बसले होते.

गेलास तर परत येऊ नकोस, हे ज्यांनी म्हटलं ते बाबा. सुट्टीत तू किनाऱ्यावरून दुकानात फोन केलास, तेव्हा राँग नंबर म्हणून ज्यांनी ठेवून दिला ते बाबा. मी त्या दिवशी शेजारीच काजं करत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मशीन सुरू केलं आणि सुईत दोरा नाही हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, पण तुझी खिडकी त्यानंतर काळीच झाली आणि सांगायचं कुठे? तिथे लिहायला जागाच नाही.

मला तुझी फार आठवण येते. पहिल्या पत्रात मी मजेत आहे असं लिहिलं होतं, तेवढं खोडून वाच.

तीन सेकंदांचं मी अजून काही बदललेलं नाही. बदलवत नाही.

तुझी,
खार


४ एप्रिल

प्रिय दादा,

व्हायचं ते झालं. बुधवारी भर दुपारी मशीन पूर्ण बंद पडलं, आणि नुसतं बंद पडलं असतं तरी चाललं असतं. मशीनकडून उत्तर आलं नाही की पान सगळ्या खिडक्या काळ्या दाखवतं. 'मशीन बंद आहे' आणि 'माणूस नाही', या दोन्हींसाठी मी एकच काळा रंग ठेवला होता. दोघांसाठी बनवताना हे सुचलंच नाही रे. तुझी खिडकी काळी म्हणजे तू नाहीस, एवढाच अर्थ मला माहीत होता.

लोकांनीही तोच घेतला. रूममेटच्या आईने वॉर्डातून धावत येऊन फोन लावला. एका ट्रकवाल्याने गाडी वळवून घर गाठलं. मी लॅबमध्ये घाम पुसत बसले होते, फोन बाहेर, आणि वॉचमन सांगत आला, की तुझे वडील आलेत.

बाबा फाटकाशी उभे होते. गळ्यात टेप तशीच. दुकान उघडं टाकून आले होते. आई गेली त्या दिवसानंतर भर दुपारी दुकान सोडून ते कुठे गेलेले मला आठवत नाहीत. मला पाहिलं आणि तिथल्या कट्ट्यावर बसले.

"घरच काळं झालं," म्हणाले. "तुझा फोन लागेना. त्याचा तर लागतच नाही."

म्हणजे तुला ते फोन लावतात.

मी पाणी आणून दिलं. अर्धं प्यायले, अर्धं हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी राँग नंबर म्हणालो," आणि थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. मीही मागितलं नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्या दिवशीच मी तीनचं साठ केलं. सर खांद्याशी उभे होते. बोट ठेवलं आणि बदललं, एवढंच ते काम, ज्यासाठी मी महिनाभर सगळ्यांना वेठीस धरलं. मशीनने हुश्श केलं. तेव्हापासून एकदाही अडकलेलं नाही, आणि बंद पडलंच तर आता पान तसं स्पष्ट सांगतं.

बाबांच्या प्रश्नावर सरांनी तोडगा काढला. माणूस निघून गेला तरी त्याची खिडकी मिनिटभर पिवळी ठेवायची, म्हणजे कोणी मधेच येऊन गेलं तरी हुकत नाही. सोपं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. आणि मग तू डोळ्यांसमोर आलास, घाईने पान मिटणारा. आता तुला तसं मिटता येणार नाही. डोकावलास की पकडला जाशील, आणि पकडला जाशील हे कळलं की डोकावणारही नाहीस. मी तुला ओळखते. लपाछपीत आपल्यावर राज्य येईल असं दिसलं की तू खेळच सोडून द्यायचास.

म्हणून मी पडदा केला. ज्याला नुसतं बघायचंय त्याने पडदा ओढून बघावं. त्याला सगळ्या खिडक्या दिसतात, त्याची कोणाला दिसत नाही. सगळ्यांनाच दिलाय, पण केला तुझ्यासाठी. मात्र तो सुरू करायच्या आधी मी घरी आले आणि बाबांना विचारलं. कारण पडदा आला, की तू येऊन गेलास हे त्यांना पुन्हा कधी कळेल, ते सांगता येत नाही. कॉलर लावता लावता मान वर करण्यात आता काही अर्थ राहील असं नाही.

त्यांनी हातातलं कापड पूर्ण शिवून होऊ दिलं. दोरा तोडला. मग म्हणाले, "टाकू दे पडदा. बघत असेल तर बघू दे. मला नाही कळलं तरी चालेल."

तेव्हा पडदा सुरू झालाय, दादा. तू खुशाल बघ. घराला आता तीन खिडक्या दिसतील. तिसरी खालच्या मजल्यावर काढलीय, कारण शिलाई मशीन वर कोण चढवणार, असं मालकांचं म्हणणं पडलं. ती दिवसभर पिवळी असते. तिला पडदा नको म्हणाले. माझी खिडकी परीक्षेपुरती काळी दिसेल, काळजी करू नकोस, मी नापास होण्यात गुंतलेली असेन.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितेय. बाबांनी फळीवरून एक कापड काढून ठेवलंय, फिकट निळं, तुला आवडतं तसं. मगाशी म्हणाले, विचार त्याला, इंजिनाच्या कामाने खांदे भरले असतील, जुनं माप आता होणार नाही. मी म्हटलं, मग माप लिहून पाठव म्हणून सांगू का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही. तसंच लिही त्याला."

तसंच लिहिलंय.

तुझी,
खार
आणि खालच्या खिडकीतले