आधी हुंगून बघ

आये, हे ऐकून तू आधी लाटणंच फेकून मारशील, तरी सांगते. धरणाकाठच्या रिसॉर्टात मी पाहुण्यांना वाढते, ते तुला माहीतच होतं. आता तिथं वाइनही मीच ओतते. दारूचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावणारी तू, आणि तुझी लेक बाटल्यांची बुचं काढतेय! तुला हे चाललं असतं का, याचा घोर मला लागून राहिलाय.

शिकवायला नाशिककडच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पेल्यात पांढरी वाइन ओतली आणि द्राक्षाचं नाव सांगितलं, सोव्हिन्यों ब्लां. ते म्हणतानाच माझी जीभ अडखळली. काढा प्यावा तशी मी ती गटकन प्यायले आणि तोंड वाकडं केलं. नुसती आंबट! बाई हसल्या. "अहो, दमानं. आधी वास घ्या, घोट नंतर."

आणि बघ, मी थेट लहानपणीच्या आपल्या चुलीपुढे. गौरीजेवणाचा दिवस आहे, आमटी रटरटतेय, नैवेद्य दाखवायच्या आधीच मी तिच्यात बोट बुडवते. तुझी पळी हातावर बसते. "उष्टं करतीस व्हय गं देवाचं? नाक कशाला दिलंय?" मग वेणी धरून मला वाफेवर वाकवतेस. "सांग, मीठ हाय का न्हाई?" मी रडत रडत हुंगते. आळणी आमटीचा वास बसका येतो, हे मला त्या दिवशी कळलं. काय राग आला होता तुझा!

बाईंसमोर पेला पुन्हा नाकाशी धरला. कच्चा पेरू, चिरलेली ढोबळी मिरची, नुकतं कापलेलं गवत. मग छोटासा घोट. जीभ लख्ख झाली. "कशाबरोबर द्याल?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या आयेच्या चिलापी माशाच्या कालवणाबरोबर. चिंच, कोथिंबीर, वर आंबेमोहोर भात. करून वाढलं तर बाईंनी बोटं चाटली. आता पाहुण्यांना मी दोन्ही एकत्रच देते. हे नाक तू दिलंस गं, लई उपकार झाले तुझे.

काल घरी तेच कालवण केलं, न चाखता, वासावर. ताट तुझ्या फोटोपुढे ठेवलं. पेलाही भरला, पण तो ठेवायला हात धजेना, म्हणून बाहेर ओट्यावर नेला. तुझ्या नाकापासून काय लपणार म्हणा! शेवटी तिथंच बसून मी तो प्यायले. पाहुण्यांसाठी नाही, नोकरीसाठी नाही, मला आवडते म्हणून. आये, नाकावरचा पदर जरा बाजूला घे. एकदा हुंगून तरी बघ.