उणे सहा

टिळकवाडी, बेळगाव
१४ नोव्हेंबर १९४६

प्रिय मार्तंड,

वीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दचक, थोडं दचकलंच पाहिजे. पाकीट मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. एक तर ते घरी तुझ्या बायकोच्या, रुक्माबाईंच्या हाती पडायला नको, आणि दुसरं म्हणजे माझं काहीतरी एकदा तरी त्या दुकानात पोचावं. गणपत गल्लीच्या त्या कोपऱ्यावरून मी आठवड्यातून दोनदा जाते. ‘मार्तंड उचगावकर, दृष्टिपरीक्षक व चष्मेवाले’ ही तुझी पाटी मला रस्त्याच्या पलीकडून लख्ख वाचता येते. चष्मा असतो ना डोळ्यांवर! पुण्याहून टपालानं मागवलेला. तुझ्या पायरीला काही मी अजून पाय लावलेला नाही.

कामाचं आधी सांगते, म्हणजे उगाच जिवाला घोर नको. निपाणीहून मला पत्र आलं आहे, तुझ्या लतिकेला ज्यांनी पाहून ठेवलंय त्या वकिलांचं. मुलगी चार वर्षं तुमच्या हाताखाली शिकते, तेव्हा तिचा स्वभाव, प्रकृती आणि विशेषेकरून दृष्टी याबद्दल मोकळेपणानं कळवावं, असं त्यांनी लिहिलंय. वडील चष्म्याच्याच धंद्यातले, ते आपल्या मुलीबद्दल चांगलंच सांगणार, म्हणून तुम्हाला विचारतो, असंही खाली आहे. माणसं हुशार आहेत हो! तर लतिकेचं लग्न ठरायचं की मोडायचं, ते सध्या माझ्या उत्तरावर अडलंय. तुला हे माहीत नसणार. वकील लोक असं सांगून सवरून थोडंच विचारतात.

तू मुंबईहून आलास ते वर्ष सव्वीस. दीड वर्ष कुणा चष्मेवाल्याच्या हाताखाली राबून आला होतास, आणि बरोबर ती काचांची पेटी, आत मखमल, मखमलीत ओळीनं बसवलेल्या गोल काचा. शहापुरातली निम्मी गल्ली ती बघायला तुमच्या ओट्यावर जमली होती. तेव्हा आपल्याकडं चष्मा म्हणजे काय, तर बाजारात फेरीवाल्याच्या टोपलीत हात घालायचा, चार-पाच डोळ्यांवर चढवून बघायचे आणि ज्यानं कमी गरगरतं तो घेऊन घरी यायचं. तू म्हणायचास, हे काय माणसाचं वागणं झालं, टोपी तरी मापानं घेतात. तुला स्वतःचं दुकान हवं होतं. कुणाची नोकरी नको, कुणाच्या हाताखाली नको. पुढं पाटी, आत पडद्याची खोली, येणाऱ्याला बसायला खुर्ची, आणि तपासून झालं की आपल्या नावाच्या छापील कागदावर आकडा लिहून द्यायचा. त्या छापील कागदाबद्दल तू जितकं बोलायचास तितकं लोक लग्नाबद्दल बोलत नाहीत.

इंग्रजी अक्षरांचा तक्ता आपल्या विणकरांना काय कळणार, म्हणून बाळबोध अक्षरांचा तक्ता मी तुला काढून दिला. वरचा ‘क’ वीतभर, शेवटची ओळ मुंगीएवढी. वीस फूट अंतर घरात मिळेना, तेव्हा तक्ता समोरच्या आण्णाप्पा विणकराच्या भिंतीवर आणि खुर्ची आमच्या ओट्यावर. मधून बैलगाडी गेली की तपासणी थांबायची आणि आण्णाप्पा आतून ओरडायचा, “रं मार्तंडा, बैलाचंबी डोळं बघून घे की!” पहिली गिऱ्हाईक म्हणून तू मला बसवलंस. मी वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता घडाघड म्हणून दाखवला. तू खूश. मग तुझ्या लक्षात आलं, तक्ता काढलाय कुणी! तू उठलास, तक्ता उलटा टांगलास, आणि मला तो वीतभर ‘क’सुद्धा ओळखता येईना.

मग तू एकेक काच बदलत गेलास. ती लोखंडी चौकट नाकावर रुतत होती. तुझा चेहरा माझ्यापासून वीतभर, श्वास धरून तू बघत होतास. शेवटी सहाची काच बसवलीस आणि आण्णाप्पाच्या छपरावर प्रत्येक कौल वेगळं असतं हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. मी रडले. तुला वाटलं काच डोळ्याला टोचली. काच नव्हती टोचली रे. एखादा माणूस इतक्या जवळून आपल्याकडं बघतो, तो पुढं आपल्याशी वाईट वागणार नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. लग्न तुझ्याशीच व्हावं असं मनात होतं का? होतं. आता लिहायला काय जातंय.

पण माझ्या वडिलांनी, आप्पांनी, चष्म्याचं नाव काढू दिलं नाही. चष्मेवाली पोरगी कोण पदरात घेणार, लग्न होऊ दे मग काय ते लाव, असं म्हणाले. तूही मान हलवलीस, आणि वर मला युक्ती शिकवलीस. पाहायला येणारे लोक मुलीचे डोळे कसे तपासतात? सुईत दोरा ओवायला सांगतात. ते येडे, म्हणालास, तुला दूरचं दिसत नाही, जवळचं त्यांच्या बापापेक्षा चांगलं दिसतं. सुई तू एका झटक्यात ओवशील. बाकी वेळ नजर खाली ठेव, म्हणजे लोकांना वाटेल लाजतेस. किती हसलो होतो आपण! पहिलं स्थळ आलं ते उपेंद्रचं, त्याच्या घरचे मला पाहायला आले तेव्हा अगदी तसंच झालं. त्याच्या आत्यानं सर्वांत बारीक सुई पुढं केली, मी बघता बघता ओवली, आणि ती बाई म्हणाली, “पोरीचं डोळं लई तल्लख हाईत बघा.” मी नजर खाली ठेवली. उपेंद्र गोरा होता का काळा, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

गणपत गल्लीतली कोपऱ्यावरची इमारत उपेंद्रच्या वडिलांची, आणि तू दुकानासाठी त्यांच्या मागं लागला होतास, हे मला फार उशिरा समजलं. त्यांनी तुला विचारलं असेल, मुलगी तुमच्या शेजारची, डोळे वगैरे ठीक ना? तू नुसता गप्प बसला असतास तरी चाललं असतं. नुसतं ‘मला काय माहीत’ म्हणाला असतास तरी निभावलं असतं. पण तुझे ते छापील कागद त्याच आठवड्यात आले होते ना! नकाराबरोबर त्यांनी तोच कागद आप्पांकडं पाठवून दिला. ‘कु. प्रमोदिनी. दोन्ही डोळे उणे सहा. वाढत जाण्याचा व पुढं मुलांत उतरण्याचा संभव.’ खाली सही आणि तुझ्या नावाचा शिक्का. महिन्याभरात दोन खोल्या तुला मिळाल्या आणि पाटी लागली. शाबास. धंद्याला सचोटी लागते म्हणतात, ती तू पहिल्याच कागदावर दाखवलीस.

नंतरच्या दोन स्थळांनी सुई पुढं केलीच नाही, दाराबाहेरूनच चष्म्याची चौकशी केली. तिसरं आलंच नाही. आप्पा गेले, मी शिकले, मास्तरीण झाले, चष्मा लावला, माझं बरं चाललंय. एक गंमत मात्र तुला सांगायचीच आहे. तू लिहिलं होतंस ना, वाढत जाण्याचा संभव? वीस वर्षांत नंबर तसूभर वाढला नाही. तुझं निदानसुद्धा चुकलं रे!

आणि तुझं लग्न! दृष्टिपरीक्षक साहेबांसाठी आईनं मुलगी पाहिली ती कशी? सुई पुढं करून. रुक्माबाईंनी ती एका दमात ओवली म्हणून तुझी आई गल्लीभर सांगत सुटली होती. मी ऐकलं आणि घरात जाऊन पोट धरून हसले. तू पेढे वाटत होतास. पेटी कोपऱ्यात होती, तक्ता भिंतीला होता, आणि तुला काही एक सुचलं नाही. अठरा-एकोणीस वर्षं झाली, ती बिचारी देवळात माणसं ओळखत नाही, लोक तिला गर्विष्ठ म्हणतात, आणि तू तिला चष्मा देत नाहीस. चष्मेवाल्याच्या बायकोला चष्मा, दुकानाची शोभा जाईल, नाही का?

तिचेच डोळे लतिकेला आले. मला कसं कळलं म्हणशील तर वर्गात नकाशा टांगला होता, आणि तुझी पोर शेजारणीच्या वहीतून नद्या उतरवत होती. मी तिला जवळ बोलावलं, माझा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. चिंचेला इतकी पानं असतात बाई, असं म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या चष्म्याचा नंबर तिला अगदी बरोबर बसला, मार्तंड. मग तिनं सगळं सांगितलं. बाबा म्हणतात लग्न होईपर्यंत नाही. बाबांनी सुई ओवायची सवय करून घेतलीय. बाबा म्हणतात, नजर खाली ठेव, म्हणजे लाजतेस असं वाटेल. शब्दसुद्धा बदलले नाहीस रे तू! निपाणीच्या मुलाचा फोटो ती भूगोलाच्या वहीत ठेवते, डोळ्यांशी नेऊन बघते. त्यांचं पत्र आल्याचं तिला कळलं तेव्हा माझे पाय धरले तिनं. बाई, तेवढं लिहू नका, म्हणाली.

पोरीचा काय दोष, असं तू विचारशील. विचार. माझा तरी काय होता? तुझा तो कागद मी आजवर ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवला होता. काल काढला. त्यावरचं माझं नाव एका रेघेनं खोडलं, वर लतिकेचं लिहिलं, आणि खाली टीप दिली की नावाची दुरुस्ती माझी, बाकी अक्षर, सही आणि शिक्का मुलीच्या वडिलांचा. आज सकाळी आमच्या मष्णू शिपायानं तो निपाणीच्या टपालात टाकला. आनंद झाला का मला? झाला, खोटं कशाला बोलू. दुपारच्या घंटेपर्यंत टिकला. मग लतिका टेबलाशी आली आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला रोजच्यासारखा माझा चष्मा मागितला. मी दिला. तिनं वाचलं, मी पुढं बसून धुकं बघत राहिले, आणि तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. निपाणीचा नकार आठ दिवसांत येईल. तो कुठून आला ते तुला माहीत असावं, म्हणून एक. आणि आता तरी त्या पोरीला चष्मा दे, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून दुसरं. तपासायची तसदी घेऊ नकोस. तू लिहिलेला आकडाच राहू दिलाय, तो मला बदलावा लागला नाही.

तुझीच,
तुझ्या तक्त्यासमोर पहिली बसलेली,
प्रमोदिनी