ओटीच्या साडीचं जॅकेट

७ ऑक्टोबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून सटकले. कॉलेजच्या ऑफिसात मी टेंपररी, त्यामुळे साहेबांना माझी आठवणही टेंपररीच येते. कणकवलीचा मंगळवारचा बाजार, ऊन नुसतं रणरणतंय. जुन्या कपड्यांचा ढीग नेहमीच्या जागी, प्लॅस्टिकच्या कागदावर ओतलेला. बायका वरवरचं चाळतात आणि नाकं मुरडून पुढे जातात. अगं, हात कोपरापर्यंत आत घालायचा! डोळे मिटले तरी चालतं, सुती कापड बोटांना कळतंच. आज लिननचा पुरुषी शर्ट लागला हाताला. माझ्यासारख्या दोघी मावतील. वरचं एक बटण नाही, बाकी कापड ए-वन. वडापाव-चहाच्या पैशात काम झालं.

घरी आईनं पिशवी बघितलीच.

"परत हाडलंस? कोणा मेलेल्याचा असात ता."

"धुवन घालतंय मगे."

"धुतल्यान मेलेलो परत येता काय?"

मी शर्ट रिठ्याच्या पाण्यात टाकला.

९ ऑक्टोबर

शर्टाची कॉलर काढली, दोन्ही बाजूंना टक्स, बाह्या कोपरावर दुमडल्या. खाली तोच तपकिरी स्कर्ट, जो मी एवढ्या प्रकारे घातलाय की आता तोच मला घालतो. ग्रेसीनं लायब्ररीच्या मागे फोटो काढले. ग्रेसी लायब्ररीत कामाला, मालवणहून येऊन-जाऊन करते. कॉलेजात माझी एवढीच मैत्रीण, पुरे आहे.

तिनं पिशवीभर कपडे दिले. सगळे काळे. तिच्या आईचे, दुखवट्यातले.

"पप्पाच्या वर्षाचा मिस झाला चर्चात नि आईन काळा काढल्यान. काल निळो ड्रेस घालून बाजारात गेली. माका घरात कोण नवी बाई इल्यासारख्या वाटता." मग म्हणाली, "तुमच्यात खंयच्या दिवसाक काढतत गो?"

आमच्यात काळं नसतंच. आमच्यात बाईचा रंग हळूहळू उडत जातो, आणि तो परत आणायचा दिवस कुणी ठरवलेलाच नाही. बसमध्ये आचऱ्यापर्यंत हेच डोक्यात. माझा स्टॉप गेला, पुढे उतरून चालत आले.

१० ऑक्टोबर

काहीच धड केलं नाही. भात कापायला बायका आल्यात, त्यांना चहा नेऊन दिला, कप परत आणायला विसरले.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई बिस्किटी रंगात. बिस्किटी, फिकट बिस्किटी आणि धुऊन धुऊन झालेली बिस्किटी. हिरव्या साड्या तिनं आत्यांना वाटून टाकल्या. आणि ही तीच बाई, जिनं मला कापड बघायला शिकवलं. दुकानदार पदर उलगडून दाखवायला लागला की म्हणायची, "पदर काय दाखवतंस, काठ दाखय." आख्ख्या वाडीत जत्रेला कुणी काय नेसायचं ते तिला विचारून ठरायचं. दोन जत्रा झाल्या, ती देवळाची पायरी चढलेली नाही. बायका ओटी भरताना तिच्याकडे चोरून बघणार, ते तिला सोसत नाही.

मला राग येतो. कुणाचा ते कळत नाही, म्हणून तिच्यावरच काढते. मला माझी आई परत हवीय, बस.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवरात्रात देवीला आलेल्या ओटीच्या साड्या आज देवळात विकायला काढल्या. दरवर्षी काढतात, मी पहिल्यांदाच गेले. मंडपात सतरंजीवर हा ढीग! नव्या घड्या, कुंकवाचे डाग, हळदीचा वास. बाजारातल्या ढिगाला माणसाचा वास, ह्याला कापराचा, एवढाच फरक. मी कोपरापर्यंत हात घातला. काकीनं डोळे वटारले. काकी म्हणजे आमची शेजारची सख्खी चुलती, देवळात काय चालतं नि काय चालत नाही ते तिला तोंडपाठ.

तळाशी सापडली. हिरवी, अगदी भाताच्या रोपाची हिरवी, काठ गर्द लाल. पदराजवळ उदबत्तीनं जळून पडलेली भोकं, म्हणून कुणी घेत नव्हतं. मला काठ बघताक्षणी आई दिसली.

देवीचा प्रसाद आहे. प्रसाद नको म्हणता येतो का कुणाला? आईला तर नाहीच नाही. येताना जवळजवळ पळतच आले. घरी सांगितलं नाही. गादीखाली.

१५ ऑक्टोबर

साडी ती नेसणार नाही, हे मला कळतं. एवढी मी भोळी नाही. पण जॅकेट? बिस्किटी साडीवर हिरवं जॅकेट, काठाची पट्टी पुढून सरळ खाली, बाही पाऊण. अंगभर हिरवं नाही, आणि आहेही. जळका भाग सगळा कापात निघून जातो. कागदावर काढून ग्रेसीला दाखवलं. ती म्हणाली, "तुझी आई मार देतली तुका."

आई शेतावर गेल्यावर तिच्याच मशीनवर बसले. पायमशीन, बाबा गेल्यापासून मीच वापरते. कात्री घेतली आणि सर्रकन. ढिगातल्या एवढ्या कपड्यांना कात्री लावलीय, हाताला सवय झालेली.

१८ ऑक्टोबर

झालं! उरलेले तुकडे डब्यात ठेवले. एका चिंधीनं बटण मढवलं आणि लिननच्या शर्टाला लावलं, जिथं नव्हतं तिथं. पांढऱ्या शर्टावर एकच हिरवं बटण. ऑफिसात दोघींनी विचारलं, कुठून घेतला. मी नुसती हसले.

जॅकेट आईला कधी दाखवू? दिवाळीत? दिवाळीत सगळे येतात. आधी? आधी तिला फराळाची घाई. रोज काढते, बघते, परत ठेवते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सगळा विचका.

काकी शेवेचं ताट घेऊन आली. मी इस्त्री करून जॅकेट खोलीच्या दारावर अडकवलं होतं, म्हटलं आई येता-जाता बघेल. आधी बघितलं काकीनं. ताट हातातच. काठ ओळखला तिनं.

"ह्या देवीचा वस्त्र मा? कापलंस तू?"

"जळलेला होता काकी, म्हणान..."

"देवीचा वस्त्र नेसाचा, नायतर देव्हाऱ्यात ठेवचा. कापूचा नाय गो चेडवा! कात्री लावलंस तेका?"

खरं सांगते, मला माहीतच नव्हतं. ह्या गावात जन्म काढला आणि माहीत नव्हतं.

मग तिनं विचारलं, "नि हिरवा कोणासाठी?"

आई दारात उभी होती. मी म्हटलं, "आवशीसाठी."

आईनं जॅकेटकडे बघितलंसुद्धा नाही. भात उतू जातोय म्हणून आत गेली. भात तेव्हा चुलीवर नव्हताच.

२४ ऑक्टोबर

काकीचं म्हणणं, गाऱ्हाणं घालून कौल घ्यायचा. देवीवरची उजवी कळी पडून कौल उजवा आला तर देवीनं पोटात घातलं. डावा आला तर जॅकेट उसवून, चिंधीन् चिंधी गोळा करून खाडीत सोडायची, आणि वर देवीला नवी साडी. मी म्हटलं, उद्याच जाऊ. मला हे असं लटकत राहणं जमत नाही. गुरवाला वेळ नाही, त्याची भातझोडणी चालू.

आई माझ्याशी बोलते, पण फक्त जेवलंस काय, कंदील खंय ठेवलंस, इतकंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जॅकेट परत गादीखाली. झोपताना पाठीला लागतं, लागत नसलं तरी लागतं.

२८ ऑक्टोबर

मंगळवार, पण ढिगाकडे गेले नाही. लांबून बघितला. वर एक जांभळा स्वेटर पडला होता, चांगला वाटत होता. हात शिवशिवले. तरी नाही गेले.

ग्रेसीची आई लायब्ररीत आली होती, निळ्या ड्रेसमध्ये. मला म्हणाली, "पयल्या दिवसाक लाज दिसली माका. भायर पडूक होयना. मगे दुकानदारान नेहमीसारखेच कांदे दिल्यान." आणि मोठ्यानं हसली. मला हसता आलं नाही. त्यांना निदान तो दिवस दिलेला होता.

३० ऑक्टोबर

काकी सांगायला आली, रविवारी गुरव मोकळा आहे. "चेडवाक घेवन मी जातंय, वयनी. तू बस घराक."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चेडू माझा आसा. मी येतंय."

काकी माझ्याकडे बघायला लागली, मी काकीकडे. नंतर मी चुलीशी जाऊन विचारलं, खरंच येतंस? तर म्हणे, "पाणी ठेव."

दोन वर्षांनी देवळात जाणार, ती माझ्या चुकीमुळे. आनंद मानू की कपाळ बडवून घेऊ?

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. आई बिस्किटीतलीच जरा बरी नेसली. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा. वाटेत दोघी-तिघी थांबल्या, "खंय गो?" तिनं सरळ सांगितलं, "कौलाक." मी मागून चालत होते. किती ताठ चालते ती, विसरलेच होते.

जॅकेट ताटात ठेवलं देवीपुढे. गुरवानं पाषाणाला पाणी लावून दोन बाजूंना कळ्या चिकटवल्या आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "हे आई, ह्या लेकरान अजाणपणी तुझा वस्त्र कातरल्यान, ता पोटात घाल, मान्य असात तर उजवो कौल दी..." मागची माणसं "होय म्हाराजा." डावीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि डावीकडेच बघत राहिले.

कळ्या हलेनात. गुरवानं परत गाऱ्हाणं घातलं. तरी नाही. माणसं भाताच्या भावावर बोलायला लागली. माझ्या पायात मुंग्या आल्या, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. आई खांबाजवळ उभी होती. मग ती पुढे आली, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत, वाकली, आणि काहीतरी म्हणाली. इतक्या हळू की शेजारच्या गुरवालाही ऐकू गेलं नसावं.

उजवी कळी पडली.

"उजवो! उजवो दिल्यान!" गुरव ओरडला. काकीनं हात जोडले. मला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर.

पायऱ्या उतरताना विचारलं, "काय इचारलंस?"

"गुरवान इचारल्यान ताच."

"नाय. तू वाकलंस तेव्हा."

"ता माझा नि तिचा."

मग गुरवाच्या गाऱ्हाण्याला ती कळी पडली, की आईच्या? काकीच्या मते प्रश्न मिटला. माझा तर आता सुरू झालाय.

४ नोव्हेंबर

आज आईनं आपणहून विचारलं, "ता जाकीट खंय आसा?"

गादीखालून काढून दिलं. पडवीत उजेडात धरलं, उलटं केलं, आतली शिवण बघितली. काठावरून बोट फिरवलं, तेच तिचं जुनं फिरवणं.

"बाही तोकडी झाली."

"जळलेला काढूचा होता मा."

"उरलेले तुकडे खंय? सगळे हाड. एकव ठेवू नको."

बाही लांबवायची तर सगळे तुकडे लागतीलच, काठ जुळवावा लागेल. आणि देवळात वाकून तिनं खाडीत सोडायचं कबूल केलं असेल, तरी सगळेच लागतात. डबा आणून दिला. तिनं तुकडे जमिनीवर पसरले, एकेक कडेला कड लावून. मग वर बघितलं, माझ्या शर्टाकडे.

"ता बटण."

दातानं दोरा तोडून दिलं. शर्टाला पिन लावून बसलेय.

ती ब्लेडनं बाहीची शिवण उसवतेय, टाका टाका, कापडाला जराही न दुखवता. "काय करतंस?" म्हणून दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "उजेड अडवू नको."

बाजूला झाले. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत. जत्रेच्या दिवसाची रजा टाकून ठेवलीय. खाडीला भरती कधी ते काकीच्या घरी विचारून आले, तेही लिहून ठेवते. आई अजून उसवतेय.