देवीचं तोंड कोणी रंगवलं

मी, धोंडूबाई सखा कराळे, राहणार मौजे पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, वय सत्तरच्या पुढे (मुलगी झाली म्हणून तारीख कोणी ध्यानात ठेवली नाही), काम भातशेती व सोंगांची तोंडं रंगवणे, शुद्धीत राहून आणि आपखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. दडपण आणील असं एकच माणूस होतं, माझी सासू; ती गेली. मला अक्षर येत नाही. शाळेच्या सुचेताबाई लिहीत आहेत. शिव्या गाळायची त्यांना मुभा आहे, राग गाळायची नाही.

१. घर आणि ओढ्याकाठचं शेत मुलगा मोरू याला. पंचांच्या बैठकीत आईवर आळ आला तेव्हा हा खाली जमिनीकडे बघत बसला. एवढी आवडते तर जमीन त्यानेच घ्यावी.

२. तांब्याचा हंडा शेजारीण हिरू हिला देत नाही. "उद्या आणते गं" म्हणून नेला तो तिच्याकडेच आहे. तिने तो खुशाल वापरावा, पण चोरीचा म्हणून वापरावा.

३. रंगांची पेटी. बाई, इथे सावकाश लिहा. पेटीत मुर्दाडशिंगाची पिवळी पूड, तांबडा हिंगूळ, सफेदा, काजळ आणि खल आहे. चैत्राच्या जत्रेत देवीचं सोंग निघतं, त्याचं तोंड रंगवायचा मान आमच्या घराचा. मळणीत बैलाच्या पायाखाली नवऱ्याचा हात गेला, तेव्हापासून ते तोंड मी रंगवलं. बाईने सोंगाला शिवू नये असा गावचा नेम, म्हणून मी पडद्याआड. रंगवून झालं की माझा दीर येसाजी हिंगुळात बोटं बुडवून बाहेर जायचा आणि मानाचा नारळ घ्यायचा. मी गिळत आले.

गेल्या साली मी तापाने पडले. सून मैना तयार होती, माझ्याच हाताखाली शिकलेली. येसाजी म्हणाला, "ती पोर काय करंल? मी खोपोलीचा पेंटर आणतो." पेंटर आला तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा, डब्यातला तेलरंग घेऊन. आमची पूड खोबरेलावर बसते आणि खोबरेलानेच उतरते. तो रंग पत्र्याचा. जत्रा उठली तरी सोंग घेणाऱ्या नागूच्या तोंडावरून देवी उतरेना. दुसऱ्या दिवशी तो तसाच लालभडक शेतावर गेला, तर म्हाताऱ्या बांधावर येऊन त्याच्या पाया पडल्या. मीसुद्धा हसले असते. पण सांजेला त्याचे डोळे सुजून मिटले. तापातून उठून मीच एकेक खपली सोडवली. रंगाबरोबर कातडी आली.

आणि बैठकीत येसाजी काय म्हणाला? "वयनीनं तोंडाला हात लावला, म्हून देवी कोपली."

४. पेटी मैनेला. तिने देवळापुढे, उघड्यावर, सगळ्यांदेखत रंगवावं आणि नारळ तिच्याच हातात पडावा. पडदा लावला तर उठून घरी यावं.

५. माझा हात आता कापतो. नागूने पंचांना सांगितलंय, "मैनावयनी रंगवंल तरच मी बसंन. दुसऱ्याचा हात लागू देणार नाय." म्हणून येसाजी काल ओटीवर आला.

"वयनी, जत्रा जवळ आली. मैनेला धाड गं. मागचं सोड."

"धाडते की भावजी. खरं काय ते लिवून द्या."

"गाव हसंल मला."

"हसू द्या. नागूलाबी हसलं होतं."

तरी येसाजीने याच कागदावर, पंचांसमोर, आपल्या हाताने खरं लिहावं. न लिहिल्यास पेटी माझ्याबरोबर सरणावर ठेवावी आणि देवीने यंदापासून कोरड्या तोंडाने फिरावं. मैनेला हे कबूल आहे.

वरचा मजकूर मी ऐकला. माझाच आहे.

धोंडूबाई सखा कराळे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
चांगो बाळू शिंगे, पंच
नागू हरी भोपी (उजव्या डोळ्याने अजून कमी दिसतं, म्हणून सही तिरकी)

येसाजी कराळे यांच्या हातचे: "देवीचे तोंड रंगवण्यास वहिनीने ~~मदत केली~~"

लेखिकेची नोंद: एवढे वाचून दाखवताच धोंडूबाई "खोडा" म्हणाल्या. शेवटचे शब्द येसाजींनी स्वतः खोडले. खाडाखोड सर्वांना मंजूर. त्याखाली त्यांनी पुन्हा लिहिले ते असे:

"सखादादाचा हात गेल्यापासून देवीचे तोंड वहिनीने रंगवले. मी नाही."

सही: येसाजी बाबू कराळे
पोशीर, दि. १४ मार्च १९७४