अव्वाची केळ्याची धिरडी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

सास्तूर,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

ती. भुवनेश्वरीअक्कास शिवप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

पायात घातलेली सळी अजून टोचते का? फोनवर विचारलं की तू नुसतं बरं आहे म्हणतेस, म्हणून खरं काय ते पत्रात लिही. फोनवर मलाही काही धड बोलता येत नाही. हात पिठात असतात, फोन स्पीकरवर असतो, आणि मध्येच सोनाली तोंड घालते. मोबाइल असून आई आणि मावशी पोस्टमनची वाट बघतात याचं तिला भारी हसू येतं. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टर दर रविवारी समोर बसवून घरी पत्र लिहायला लावायच्या. ती सवय पन्नास वर्षांनी कशी सुटावी?

सोनालीचं लग्न ८ डिसेंबरला, उमरग्यात. जावई विरेश बोलका आहे. तिच्या सासूबाई मोजकं बोलतात, पण घर बघून हसल्या.

काळजी एकच, ह्यांची. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी भात बंद केला, आणि भाकरी आता घशाखाली उतरत नाही. अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या या घरामागं, न्हाणीच्या पाण्यावर केळीचं बेट माजलंय. भला थोरला घड लागलाय, अजून हिरवागार. पिकलं केळं साखरेला नको, पण कच्चं चालेल ना? अव्वा आपल्याला करायची ती धिरडी आठवली. माप मात्र आठवत नाही. तू धाकटीला शेवटचं वाढायचीस, पण चुलीजवळ तूच बसायचीस. तर लिहून पाठव.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शिवप्रिया


कळंब,
२९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शिवप्रियास अक्काचे अ. उ. आ.

सोनालीचं वाचून वॉकर सोडून नाचावंसं वाटलं. डिसेंबरपर्यंत डॉक्टर प्रवासाला सोडतील म्हणतात. नाही सोडलं तर पळून येईन.

तुला ती धिरडी का सुरू झाली ते आठवतं का? तू दुसरीत होतीस. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी सिस्टर बेनेडिक्टा पॅनकेक करायच्या. सगळ्या बोर्डिंगात तुपाचा वास सुटायचा. आपल्याला मात्र गूळपोळी, कारण पॅनकेकमध्ये अंडं, आणि आपण लिंगायताच्या पोरी. सुट्टीत घरी येऊन तू अव्वासमोर पाय आपटलेस. अव्वानं शांतपणे विचारलं, त्यात अंडं कशाला घालतात गं? मी म्हटलं, पीठ धरून ठेवायला. ती म्हणाली, एवढंच ना, अंड्याचं काम केळं करेल. आणि परसात जाऊन घड कापून आणला.

माप तिनं कधी सांगितलं नाही. पीठ हाताला विचारावं म्हणायची. तरी माझ्या हाताला आठवतं ते लिहिते. चार कच्ची केळी सालीसकट उकड. साल काळपट होऊन फाटली की पाण्यातून काढ. गरम असतानाच सोलून कुस्कर, गार झाली की गाठी राहतात. त्यात दोन वाट्या ज्वारीचं आणि चिकटपणापुरतं मूठभर तांदळाचं पीठ, जिरं, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, आणि सैल होईल एवढं ताक. पाव तास झाकून ठेव. घाई करशील, तुझी सवय. बिडाच्या तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरव, मध्ये पीठ ओतून वाटीच्या बुडानं पसरव, वर झाकण ठेव. कडा आपण होऊन सुटल्या की उलट. ओढलीस तर फाटेल. पहिलं फाटतंच. अव्वा ते स्वतः खायची आणि हेच सगळ्यांत चांगलं म्हणायची.

मल्लिकार्जुनरावांना सांग, मेव्हणीची पाककृती आहे, ताटात टाकायची नाही.

लोभाला झाकण ठेवू नकोस, वाढू दे.

तुझी,
अक्का


सास्तूर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस! ह्यांनी पहिल्या दिवशी दोन खाल्ली, आता रोज सकाळी चार. मी पाचवं वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरून साकू, साकू, पुरे पुरे करतात, आणि मी वळले की तेही संपलेलं असतं. काल म्हणाले, अक्कांच्या शाळेत गणित कमी आणि धिरडी जास्त शिकवत होते काय. कितीतरी दिवसांनी त्यांनी चेष्टा केली. अक्का, मी भांडी घासताना गुणगुणत होते, हे मला सोनालीनं सांगितलं तेव्हा कळलं.

घड संपत आला. शेजारच्या कमलबाईंनी त्यांचा देऊ केलाय, म्हणजे लग्नापर्यंत तरी बेगमी झाली.

बाकी हे लग्नाच्या धावपळीनं थकलेत. दुपारी दुकानातून येतात ते खुर्चीतच झोपतात, जेवायला हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. संध्याकाळी पायांवर सूज असते. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. अंगाला खाज सुटते, पाठ खाजवून लाल केलीय. मी म्हटलं दाखवू या, तर म्हणाले, सोलापूरला लग्नपत्रिकेचे नमुने बघायला जातोच आहे, तेव्हा दाखवतो. या महिन्यात तीनदा गेले. पत्रिका काही अजून पसंत पडली नाही.

तुझ्या पायाला जप. माझ्यावरचा जीव पत्रातून दिसतो, तो दिसत राहो.

तुझी,
शिवप्रिया


सास्तूर,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. भुवनेश्वरीअक्का यांस मल्लिकार्जुनाचा शरणार्थ. वि. वि.

मी आपणांस कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं काम नेहमी तुमच्या बहिणीकडं. आज दुकानात बसून लिहितोय, कारण घरात लिहिलं तर ती विचारेल.

माझी मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. साखरेनं खाल्ली म्हणतात. सोलापूरचे डॉक्टर डायलिसिस आताच सुरू करा म्हणतात. मी लग्नापर्यंतची मुदत मागितली. ते लई चिडले. अजून काही महिने निघतीलही, असं मीच मला सांगतोय.

शिवप्रियाला ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. तिला कळलं तर ती त्याच दिवशी लग्न पुढं ढकलेल. पोरीनं दोन स्थळांचा नकार सोसलाय, आता कुठं हसतेय.

डॉक्टरांनी खाऊ नये अशा पदार्थांची यादी दिलीय. नारळपाणी, टोमॅटो, बटाटा. केळं पहिल्याच ओळीत आहे. पण अक्का, धिरडं नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागेल. आणि ती समोर बसून, मी खातो का ते बघत असते. एवढी खूश मी तिला दोन वर्षांत पाहिली नाही.

एक मागणं आहे, त्यासाठीच हे पत्र. आपल्यात सूतक पाळत नाहीत. आपल्या संत शरणांनी ते कधीच मोडून काढलं. तेव्हा ८ तारखेच्या आधी माझं काही बरंवाईट झालं, तर लग्न थांबू देऊ नका. पाहुणे काहीही म्हणोत. तुमचा शब्द शिवप्रिया मोडत नाही, म्हणून हे तुमच्यावर सोपवतोय.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. उणंअधिक क्षमा करावी.

आपला,
मल्लिकार्जुन


कळंब,
२८ ऑक्टोबर २०२४

श्री. मल्लिकार्जुनराव यांस भुवनेश्वरीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी रडले, मग राग आला. अजून आहे.

माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. मोनिका माझा पाय बघायला येते. तिला तुमचं नाव न सांगता विचारलं. तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली. ती म्हणाली, बाई, हा खेळ नाही. अशा माणसाच्या रक्तात केळ्यातलं पोटॅशियम साठत जातं, आणि कसलीही चाहूल न देता हृदय थांबू शकतं. जेवताना, बोलताना, कधीही. किती धिरडी खातात, असं तिनं विचारलं. मी चार म्हटलं.

तुम्ही म्हणता काही महिने. ती म्हणते, उद्याचंसुद्धा सांगता येत नाही. आणि पाककृती माझी आहे. माझ्या अव्वाच्या हातचं तुम्हाला असं पोचवायला मी ती लिहून पाठवली नव्हती.

सूतकाचं तुम्ही लिहिलंत. लग्न थांबणार नाही, हा शब्द देते. गप्प राहण्याचा देत नाही. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तुम्ही तिला सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. तोवर निदान ते ताट दूर सारा. काहीही निमित्त करा, धिरडी बिघडली म्हणा, माझी चेष्टा करा.

रागावले आहे म्हणून लोभ कमी समजू नका.

भुवनेश्वरी


कळंब,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शिवप्रियास अ. आ.

हे पत्र पोस्टानं येत नाही. आमच्या शाळेतल्या सिताबाई सास्तूरला माहेरी निघाल्या आहेत. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा मल्लिकार्जुनरावांनी उचलला आणि तू देवळात गेलीस म्हणाले. तू दिवसातून इतक्यांदा देवळात जात नाहीस.

खाली बस आणि वाच. त्यांची किडनी निकामी होत आलीय. त्यांनी मला लिहिलं, तुला सांगायला बंदी केली. मी पाडव्यापर्यंत थांबले. आठ दिवस जास्तच थांबले, ही माझी चूक. त्यांना केळं विष आहे. हृदय अचानक थांबेल, हे मी त्यांना २८ तारखेच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, तरी त्यांनी तुला सांगितलं नसावं. आज, आत्ता, ती धिरडी बंद कर आणि त्यांना सोलापूरला ने.

माझ्या हातून हे काय झालं गं.

तुझी,
अक्का


सास्तूर,
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सिताबाई परतीच्या एसटीसाठी थांबल्यात, म्हणून भरभर लिहिते. आधी हे वाच: तुझ्या हातून काही झालं नाही.

मला माहीत होतं. २४ ऑक्टोबरला मेडिकलमध्ये त्यांच्या खाजेवर मलम घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार इंद्रजित म्हणाला, वहिनी, मालकांना केळी-नारळ बंद सांगितलंय, लक्ष ठेवताय ना? सोलापूरची चिठ्ठी घेऊन ते त्याच्याकडंच गोळ्या घेतात. मी हो म्हटलं. घरी येऊन त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातला रिपोर्ट काढला, वाचला, आणि घडी मोडू न देता परत ठेवला. कॉन्व्हेंटचं इंग्रजी असं उपयोगी पडेल, असं सिस्टर बेनेडिक्टांनाही वाटलं नसेल.

त्यांना विचारलं नाही. तेहतीस वर्षांत त्यांनी झाकलेलं मी कधी उघडलं नाही. वाटलं, सांगतील आपण होऊन. आणि अक्का, खरं लिहिते, मीही लग्नाचे दिवस मोजत होते. ते मला फसवत होते आणि मी त्यांना.

पण त्या दिवसापासून घरात केळं शिजलं नाही. रिपोर्टावरच्या नंबरावर फोन करून त्या डॉक्टरांकडून पथ्य विचारून घेतलं. दुधी किसून उकडते, पाणी फेकून पिळून घेते, ज्वारीऐवजी तांदळाच्या पिठात घालते, ते चालेल म्हणाले. मीठ नावाला. रंग तसाच यावा म्हणून तव्यावर जरा जास्त भाजते. पहिल्या दिवशी वाढताना वाटलं, आता ओळखतील, हसतील, आणि मग दोघंही बोलू. त्यांनी तोंडात घातलं आणि म्हणाले, आज केळी चांगली निघाली. मला वाटलं, माझं मन राखतायत. रोज तेच. गोड आहेत, कमलबाईंच्या घडाला तोड नाही.

आज तुझं पत्र आलं तेव्हा ते नुकतेच ताटावर बसले होते. तू त्यांना हृदयाचं लिहिलं होतंस, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ते कळल्यावरही हा माणूस रोज माझ्यासमोर बसून, केळं समजून, चार-चार खात होता. मला नाही म्हणायला लागू नये म्हणून.

मी पत्र हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या ताटातला एक तुकडा तोडून खाल्ला आणि सांगितलं, की मला सगळं कळलंय, आणि यात केळं नाही, अठरा दिवस झाले, यात केळं नाही. मला वाटलं रागावतील, नाही तर रडतील. ते तोंडातला घास कितीतरी वेळ चावत राहिले. मग ताटाकडं बघत, लहान मुलासारखं घाबरून त्यांनी विचारलं, मग हे काय आहे?

अक्का, ते माझं मन राखत नव्हते. कसलीही चव त्यांना कळत नाही. मी मीठ पुढं केलं, त्यांनी चाटलं, आणि मान हलवली. किती दिवस झाले, तेही त्यांना सांगता येत नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, किडनी थकत आली की चवही जाते, उद्यावर टाकू नका. गाडी बोलावलीय. सोनालीला सांगितलं, ती त्यांचे कपडे भरतेय. लग्नाचं काय, असं तिनंही विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. ते गाडीची वाट बघत व्हरांड्यात बसलेत. मघापासून मला दर थोड्या वेळानं हाक मारतायत. मी ओ दिली की गप्प बसतात.

लोभ आहे, म्हणून तर इतकी भीती वाटते. तो असाच असू दे.

तुझी,
शिवप्रिया